नॅनो खताचं डाळिंब

मानवजातीचं भवितव्य अतिसूक्ष्म कणांच्या हाती आहे. प्रफुल्ल दळवींनी कोपरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर हे जाहीर केलं, तेव्हा समोर त्यांच्या पत्नी शालनताई आणि एक कावळा होता. कावळा अर्ध्यातून उठून गेला.

तिथल्या त्यांच्या निळ्या ड्रममधल्या डाळिंबाला फुलं यायची, फळ कधीच नाही. त्यात गच्चीवर सोलर पॅनेलं बसायची ठरली. दळवी सोसायटीचा सेक्रेटरी मितेश, त्याच्याकडे गेलेले. तो म्हणाला, “काका, पॅनेलं येईपर्यंत एक तरी डाळिंब दाखवा, ड्रम राहील. नुसत्या शोभेला जागा कुठंय?”

झिंक आणि बोरॉन कमी पडतंय, असं निदान करून दळवींनी नॅनो खताची बाटली आणली.

“इतकुसं टाकून काय होणार?” शालनताईंनी विचारलं.

“अगं, कण केसापेक्षा हजारपट बारीक. पानानं श्वास घेतला की आत!”

“मग तोंडाला रुमाल बांधा. नाहीतर तुम्हालाच डाळिंबं लागायची.”

ऊन उतरलं की दळवी फवारायचे. खाडीवरून वारा यायचा, तुषार हवेत तरंगत राहायचे आणि दळवी खुर्चीत डोळे मिटायचे. मग झिंक देठातून वर चढताना त्यांना ऐकू येई. पानांच्या शिरांच्या गल्ल्या होत, त्यांतून इवले दिवे चालत जात. एक डाळिंब फुगत फुगत स्टेशनवर चंद्रासारखं टांगलं जाई, हळूच उकले, आणि पार विठ्ठलवाडीपर्यंत छपरांवर दाणे टपटपत. खाली मितेश वाटी धरून उभा.

“उठा, मच्छर फोडून काढतायत,” शालनताई म्हणत.

फुलं खरंच वाढली. लालभडक, टपोरी. पण सकाळी दळवी चहा घेऊन वर जाईपर्यंत नाहीशी. “फूलगळ,” ते म्हणाले. ड्रमखाली मात्र एकही पडलेलं नसे. इतकी सूक्ष्म गळ त्यांच्या वाचनात नव्हती.

पॅनेलं यायच्या आदल्या दिवशी ते उजाडताच वर गेले. ड्रमपाशी मितेशच्या आई, रमाबाई, परडी घेऊन उभ्या होत्या.

“आमच्या गणपतीला लाल फूल लागतं ना,” त्या म्हणाल्या. “औषध चांगलंय हो तुमचं. आधी चार-पाच मिळायची, आता परडी भरते.”

दुसऱ्या दिवशी ड्रमच्या जागी पॅनेलं बसली.