हिला बोट लागते

धक्क्यावर त्या बोटीला सगळे ‘कपाट’ म्हणत. खरं नाव मागच्या बाजूला रंगवलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे. बाकीच्या बोटी अंग चोरून, नाक पुढे काढून बसलेल्या. ही मात्र मध्येच चौकोनी, ताठ उभी, आणि तिचं छप्पर शेजारणींच्या डोक्यावरून पलीकडे बघणारं. गिऱ्हाइकं यायची, लांबूनच नाक मुरडायची आणि पुढच्या बोटीकडे वळायची. दलालाने किंमत उतरवत उतरवत इतकी खाली आणली होती की त्याखाली आता फक्त पाणी उरलं होतं. येत्या रविवारपर्यंत कुणी नेली नाही तर तो ती मोडीत घालणार होता.

आणि नेमकं हेच कपाट शिंप्याच्या मनात भरलं.

शिंपी म्हणजे बुटका, गोलमटोल माणूस, गळ्यात टेप घालूनच जन्माला आल्यासारखा. उभा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला. आता दुकान पुतण्याच्या हवाली करायचं, बायकोला बरोबर घ्यायचं, नदीतून हळूहळू वर जात राहायचं आणि मनाला येईल तिथे दोर बांधायचा, हे खूळ त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अडचण एकच होती. बायकोला बोट लागत होती.

बायको ग्रंथपाल, आणि नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि याला शेजारी उभं केलं, तरी दोघांची डोकी जवळजवळ एका रेषेत आली. ग्रंथालयात शिडी होती, पण वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असलं की लोक शिडीला नव्हे, तिला हाक मारायचे. बाहेर कुठेही जाताना नवरा पुढे आणि ती मागे. प्रत्येक दारात तो वळून “डोकं!” म्हणून ओरडायचा. अगदी प्रेमाने ओरडायचा. ती मुकाट्याने वाकायची.

मागे एकदा दोघं भाड्याच्या बोटीने दिवसभर फिरली होती. देखणी, सडपातळ बोट होती ती. शिंपी सुकाणूपाशी गाणं गुणगुणत होता, तेवढ्यात बायको कपाळ धरून केबिनमधून बाहेर आली. डोळ्यांत पाणी.

“काय झालं गं?”

“बोट लागली,” ती एवढंच म्हणाली.

तेव्हापासून शिंप्याच्या प्रत्येक खिशात लिंबाच्या गोळ्या असत. आल्यागेल्याला तो काळजीने सांगायचा, “हिला बोट लागते हो.” ती नुसती हसायची.

“भावोजी, या कपाटावर पाणी सोडा,” मेहुणा धक्क्यावर उभा राहून सांगत होता. त्याच्याकडे स्वतःची बाणासारखी बोट होती, त्यामुळे नदी आपल्याच मालकीची आहे असा त्याचा समज होता. “एवढं उंच छप्पर! वारा आला की हे आडवं सरकणार. लाटेवर लोळणार. उद्या विकायला काढलंत तर कुणी फुकटसुद्धा नेणार नाही.”

“विकायची कशाला पण?”

“लोक हसतील.”

“तुझी विजार मी किती वेळा सैल करून दिली? हसलो का कधी?”

मेहुण्याने पोट आत घेतलं आणि विषय बदलला.

पण शिंप्याच्या मनात धाकधूक होतीच. मेहुणा सांगतो त्यात खोटं काही नव्हतं. मेकॅनिक इंजिन बघून गेला होता. म्हणाला, इंजिन दणकट आहे, रूपाचं मला विचारू नका. शिंप्याने बाकड्यांची लांबी घेतली, खिडक्यांची घेतली, पडद्यांना कापड किती लागेल तेही काढलं. उंची तेवढी राहून गेली. ज्याच्या डोक्याला जन्मात कधी छत लागलं नाही, त्याला छत मोजायचं सुचणार कसं?

घरी विषय काढला तेव्हा बायको म्हणाली होती, “तुम्ही घ्या. मी काठावरून हात हलवीन.”

हे त्याला फार लागलं. एकटा जाऊन तो काय मासे मोजणार होता? ती येणार नसेल तर बोट नकोच, हे त्याने मनाशी ठरवलं होतं. तिला सांगितलं नव्हतं, इतकंच. “एकदा नुसती बघून ये,” म्हणून त्याने तिला रविवारी धक्क्यावर आणलं. मेहुणा दलालाशी गप्पा मारत बाहेरच थांबला. शिंपी मुठीत गोळ्या घेऊन पुढे झाला, आणि केबिनच्या दारात सवयीने वळला.

“डोकं!”

ती वाकली, वाकूनच आत आली आणि तशीच उभी राहिली. शिंप्याचा पट्टा सुरू झाला. हे बाकडं, ही खिडकी, इथे पडदे, इथे तुझी पुस्तकं.

“अहो,” ती मध्येच म्हणाली, “छत कुठंय?”

“वर. आणखी कुठे असणार?”

तिने मान वर केली. मग खांदे. मग पाठ, हळूहळू, कुणी रागवेल की काय अशा बेताने. शिंपी बघतच राहिला. आपली बायको इतकी उंच आहे हे तो विसरूनच गेला होता. तिने हात उचलून डोकं आणि छत यांच्यामध्ये आडवा धरला.

“चार बोटं उरतात,” ती म्हणाली.

“ते ठीक आहे, पण ही गोळी घे आधी. बोट लागली तर?”

“लागेल कशी? चार बोटं उरतात म्हणतेय ना! त्या मेल्या बोटीचं छत कपाळात बसलं होतं माझ्या. लागली म्हणजे लागली!”

शिंप्याची मूठ पुढे आली होती, ती तिथेच राहिली.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही गावभर सांगून मोकळे झालात.” ती हसली. “आणि बोट लागते म्हटलं की लोक पाणी आणून देतात. बाई मावत नाही म्हटलं की हसतात.”

शिंप्याला फार वाईट वाटलं. दारादारांत मारलेल्या सगळ्या हाका त्याला एकदम ऐकू आल्या.

“ताई,” मेहुण्याने खिडकीतून डोकावून विचारलं, “बघितलंस ना कपाट?”

“बघितलं,” ती म्हणाली. “मावते मी. दलालाला सांग, मोडीत घालू नको म्हणावं.”

मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं, पण शिंप्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बाहेर पडायला निघाला, मागून ती. दार छताइतकंच उंच होतं. उंबरठ्यावर सवयीने तो वळला, सवयीने तोंड उघडलं, आणि त्यात स्वतःच लिंबाची गोळी टाकली.