तळाच्या दोन ओळी

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे आणि कुवेतच्या वाळूनं माझे सांधे धरले आहेत. माझी कळ दाबलीत तर ती खाली जाईल, पण वर यायला तिला तुमच्याच बोटाची मदत लागेल. स्मरणशक्ती मात्र अजून शाबूत आहे. माझ्यावर टाइप केलेलं एक पत्र दूर कॅनडात छापून आलं होतं. त्याच्या तळाला दोन ओळी जास्तीच्या होत्या, आणि त्यांच्यापायी एका भल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. १९५२ साली पेटीतल्या भुशात बसून मी बोटीनं इकडे आलो, तेव्हा कुवेत शहराभोवती मातीची तटबंदी होती. पहिली काही वर्षं बंदरावरच्या एका कचेरीत गेली. सिमेंटच्या गोण्या आणि चहाच्या पेट्या यांपलीकडे मला काही लिहायला मिळालं नाही. खरं सांगतो, जीव अगदी विटून गेला होता.

मग मला सरकारी इस्पितळाच्या कचेरीत नेलं आणि तिथे हारून भेटला. दाभोळच्या खाडीकाठचा, सडपातळ, सदा घाईत असलेला माणूस. पण सकाळी आल्यावर माझ्या कळांमधली वाळू ब्रशनं झाडल्याशिवाय तो खुर्चीत बसत नसे. "याची अक्षरं बघा, छापल्यासारखी," असं तो लोकांना सांगायचा. तोवर माझी स्तुती करणारा तो पहिलाच होता, म्हणून मीही त्याच्या हाताखाली कधी अडकलो नाही.

शुक्रवारी सकाळी गावकरी त्याच्याकडे घरची पत्रं लिहून घ्यायला येत. ती पत्रं तो हातानं लिही आणि मी शेजारी बसून ऐकत असे. त्यांच्या गावांचा एक रिवाज होता. सहीखाली कागद कोरा ठेवून पत्र पाठवायचं नाही. कोरा तळ दिसला की घरच्यांना वाटतं, काहीतरी लपवलं आहे. म्हणून सहीखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांची खुशाली लिहायची आणि शेवटी लिहून देणाऱ्यानं आपला सलाम जोडायचा. कुवेतच्या दक्षिणेला वफ्र्याच्या मळ्यावर राबणाऱ्या इद्रीसच्या पत्रातून हारूनची खुशाली अशी साऱ्या खाडीभर फिरत असे.

१९६१च्या थंडीत हारूनची पाच वर्षांची मुलगी नूरी आजारी पडली. आधी ताप आला, मग गुडघे सुजले, आणि डॉक्टर म्हणाले की हा ताप काळजाला धरतो. निदान पाच वर्षं दर महिन्याला एक सुई, आणि एकही महिना चुकवायचा नाही. इस्पितळात ती सुई फुकट मिळत होती. गावी मात्र तिच्यासाठी होडीनं आणि मोटारीनं दिवसभराचा प्रवास, वर न परवडणारी किंमत. नोकरी असेपर्यंतच कुवेतमध्ये राहता येत होतं, त्यामुळे हारूनची नोकरी म्हणजे नूरीची सुई, हे मलाही पाठ झालं होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टर हॅलोरन आले. कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातले, उंच आणि तांबूस चेहऱ्याचे. त्यांच्या प्रांतात कायदा झाला होता की डॉक्टरचे पैसे रोग्यानं द्यायचे नाहीत, सरकार देईल. त्यावरून गावोगाव रण माजलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून जास्त दवाखाने बंद ठेवले, भावाभावांत अबोला आला. सरकार डॉक्टरला कारकून करून टाकणार, अशी हॅलोरन साहेबांची तक्रार होती. कायदा टिकला तेव्हा ते रागानं घर सोडून निघाले आणि आले ते थेट कुवेत सरकारच्या पगारावर! मला हसू येत होतं, पण टाइपरायटरचं हसू कोण ऐकतो? कुणी विचारलं तर साहेब म्हणायचे, इथे मी पाहुणा आहे, पाहुण्याची गोष्ट वेगळी.

दर पंधरवड्याला ते आपल्या गावच्या वर्तमानपत्राला पत्र पाठवत. दुपारी कचेरी रिकामी झाली की ते येरझाऱ्या घालत सांगत आणि हारून माझ्यावर टाइप करी. १९६३च्या मार्चमधलं पत्र सर्वांत कडक होतं. फुकट औषधाच्या रांगेत डॉक्टर रोग्याला ओळखत नाही, रोगी नुसता नंबर होऊन बसतो, असं त्यात लिहिलं होतं. त्याच सकाळी नूरीला सुई टोचली होती. टोचणारे हॅलोरन साहेबच होते. हारूनची बोटं त्या वाक्यावर क्षणभर थांबली, पण त्यानं एकही शब्द बदलला नाही.

साहेबांनी घाईत उभ्याउभ्याच सही केली आणि ते वॉर्डात गेले. हारून कागदाची घडी घालणार तोच त्याला दिसलं, सहीखाली चार बोटं कागद कोरा होता. त्याच्या मनाला ते पटेना. त्यानं कागद पुन्हा माझ्यात चढवला आणि इंग्रजीत दोन ओळी टाइप केल्या: हे पत्र टाइप करणारा हारून सर्वांना सलाम सांगतो. डॉक्टरसाहेबांनी आज माझी मुलगी नूरी हिला सुई दिली, ती सुखरूप आहे, तुमच्याकडच्या आजारी माणसांची खुशाली कळवावी. मला घंटी वाजवून त्याला सावध करायचं होतं. पण माझी घंटी ओळ संपत आली की वाजते, अक्कल संपत आली की नाही.

दोन महिन्यांनी साहेबांसाठी कात्रणांचं पाकीट आलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवताना हारूननं ती वाचली. संपादकानं पत्र तळासकट छापलं होतं. विरोधकांची मजा झाली; डॉक्टरला त्याच्याच कारकुनानं उत्तर दिलं, असं त्यांनी लिहिलं. साहेबांच्या बाजूचे लोकही वाद सोडून नूरीचीच चौकशी करत होते. एका शेतकरी बाईनं तर आपल्या म्हाताऱ्याच्या दम्याची सविस्तर खुशाली कळवली होती.

हारूननं ते घरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्याची बायको शरीफा डबा घेऊन स्वतः कचेरीत आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ह्यां काय केलाव तुमी?" ती हळूच म्हणाली. "पोरीची सुई चुकली तर?"

तेवढ्यात साहेब आत आले आणि शरीफा पदर सावरून दाराशी उभी राहिली. त्यांनी कात्रणं माझ्यावरच आपटली. "साऱ्या गावात माझं हसं झालं," ते म्हणाले. "माझ्या सहीखाली लिहायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"साहेब, तळ कोरा होता," हारून म्हणाला. मग त्यानं जमेल तसा आपल्या गावचा रिवाज समजावून सांगितला. साहेबांनी कात्रण उचलून तळाच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"तुझ्या मुलीला मी सुई देतो?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, साहेब. सहा महिने झाले."

साहेबांना काही केल्या तो चेहरा आठवेना. "मग मी लिहिलं ते खरंच निघालं," ते पुटपुटले. "मी तिला ओळखत नाही."

आता बोललो तर नोकरी जाईल, हे हारूनला कळत होतं. तरी तो बोलला.

"तुम्ही तिचं नाव विचारलं नाहीत, हे खरं आहे, साहेब. पण पैसेही विचारले नाहीत. विचारले असते तर मी तिला दारातूनच परत नेलं असतं."

दाराशी शरीफाला त्यांचं इंग्रजी कळत नव्हतं. ती फक्त साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मित्रांनो, त्या घडीला मला फार भीती वाटली.

साहेबांनी हारूनला बाजूला केलं. स्वतः माझ्यासमोर बसले आणि कोरा कागद चढवला. दोन बोटांनी, चुका करत, त्यांनी गावाला पत्र लिहिलं. माझं मत बदललेलं नाही, सरकारचा कायदा मला अजूनही मान्य नाही, असं वर ठासून लिहिलं. सही केली. मग कागद पुन्हा चढवून सहीखाली टाइप केलं: नूरी बरी आहे. येत्या मंगळवारी मी तिला तिचं नाव विचारणार आहे.

आणि विचारलं. नाव, वय, आवडता खाऊ, सगळं. त्यानंतर प्रत्येक पत्राच्या तळाला नूरीची खुशाली जाऊ लागली. पुढच्या वर्षी त्यांच्या देशात झेंड्यावरून भांडण पेटलं; जुना ठेवायचा की पानाचं चित्र असलेला नवा घ्यायचा, यावर साहेब पुन्हा चिडून चिडून लिहू लागले. पण तळाशी नूरीचे दुधाचे दात पडल्याची बातमी असे.

१९६६ साली ते मायदेशी गेले. कचेरीत विजेवर चालणारा टाइपरायटर आला आणि माझी रवानगी कोठीच्या खोलीत झाली. दोन वर्षं कुणी फडकं फिरवलं नाही. वाळू आत उतरत राहिली, रिबन सुकली. हारूनचा ब्रश मला रोज आठवायचा. शेवटी टाकाऊ सामानाचा ढीग निघाला तेव्हा त्यानं मला मागून घेतलं, घरी नेलं आणि नवी रिबन घातली. आता शरीफानं शिवलेलं पांघरूण माझ्यावर असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडून असेल तर त्याच्यावरची धूळ झाडा. आणि वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, ठासून घाला. कागदाचा वरचा भाग त्यासाठीच असतो. तळ तेवढा समोरच्याच्या खुशालीसाठी ठेवा.

काल बारा वर्षांची नूरी माझ्यासमोर बसली होती. डॉक्टर हॅलोरनना पत्र चाललं होतं. तिनं सही केली, कागद पुन्हा चढवला आणि अडकलेली कळ बोटानं वर उचलत, एकेक अक्षर करत सहीखाली टाइप केलं: आज शेवटची सुई झाली.