लाडूची जेवायची वेळ

राजमतीनं त्या बेडकाला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. खायच्या पदार्थाचं नाव बेडकाला ठेवायचं म्हणजे काय! पण सून दीपाली सांगलीहून लग्न होऊन आली ती काचेची पेटी घेऊनच. आत हा हिरवा, गलेलठ्ठ, ओंजळीत न मावणारा, डोळ्यांवर शिंगं फुटल्यासारखा. मैत्रीण परदेशी गेली आणि जाताना याला हिच्या गळ्यात मारून गेली. "लाडू नाव आहे, आई," दीपाली लाजत म्हणाली होती. त्यावर राजमतीनं अंगणात उभं राहून आष्ट्याच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं, "या घरात एकतर ह्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी!"

राहिले दोघंही. राजमती कुठं जाणार? आणि बेडूक तर जागचा हलतच नव्हता.

आता मुलगा आर्जव आणि दीपाली आठवडाभर केरळला गेले आणि बेडूक आला राजमतीच्या वाट्याला. दीपालीनं निघताना सगळं समजावलं. पेटीतला नारळाचा भुसा ओलसर ठेवायचा. नळाचं पाणी तसंच द्यायचं नाही, त्यात औषध असतं. साबणाचा हात लावायचा नाही. पाकिटातली भुकटी मळून गोळी करायची आणि चिमट्यात धरून तोंडापुढं हलवायची.

"काय असतंय त्या भुकटीत?"

"ते नका विचारू, आई."

राजमतीनं पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पाण्याचं तिला कुणी शिकवायलाच नको होतं. या जैन घरात पाणी गाळून, उकळूनच प्यायचं. तेच गार करून तिनं बेडकालाही दिलं. घरात राहतोय म्हटल्यावर दुजाभाव कशाला? दोन दिवसांत गड्याची कातडी तुकतुकीत झाली.

घोडं अडलं ते जेवणावर. दिवस मावळायच्या आत या घरातली चूल बंद होते. मावळल्यावर इथं कुणी जेवत नाही की कुणाला वाढत नाही, सासूबाईंपासूनचा नेम आहे. मग बेडूक काय आभाळातून पडलाय? राजमती रोज ऊन असतानाच नाकाला पदर लावून गोळी हलवायची, आणि हा शहाणा भुशात गळ्यापर्यंत रुतून, डोळे मिटून गप्प.

"खा की रं मुडद्या!" ती एकदा ओरडली आणि तिनं लगेच जीभ चावली.

नवऱ्याला, नेमिनाथला, सांगितलं तर तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "उपास धरला असंल. आपल्या घरचं वळण लागलं."

शेजारची बनुबाई मात्र पेटीत डोकावून गंभीर झाली. "आवं वैनी, कूस आत गेली की ह्येची! ह्यो मेला तर गल्ली काय म्हणंल? सासूनं उपाशी मारला. तुमीच तर वरडून सांगितलंया."

राजमती पेटीपुढंच बसली. गल्ली गेली खड्ड्यात, पण दीपाली? आधीच ती पोर घरात बिचकून वावरते. रोज दिवे लागले की खोलीचं दार लावून बसते. आमच्यात बसायला नको वाटतंय, असंच राजमती मनात धरून बसली होती. आता तिला काय वाटेल? फोनवर दीपालीनं विचारलं की राजमती म्हणायची, "झोपलाय." पण खोटं तरी किती दिवस बोलणार? त्या दिवशी फोन आला आणि तिला रडूच कोसळलं.

"दीपाली, त्यो काय बी खात न्हाई गं. मी रोज देतीया. देवाशपथ, मी मुद्दाम न्हाई केलं!"

पलीकडं दीपाली हळूच म्हणाली, "आई, तो अंधार पडल्यावरच जेवतो."

"मग तू त्याला..."

"मी दार लावून द्यायचे. तुम्हाला आवडणार नाही म्हणून. जातानाही सांगायचं धाडस झालं नाही."

राजमतीनं फोन ठेवला. दार कशासाठी लागत होतं आणि आपण काय समजत होतो!

दिवस मावळला. फोनवरचं सगळं ऐकलेली बनुबाई दारात येऊन उभी राहिली. "द्या चिमटा हिकडं, मी चारते. पाप माझ्या नावावर घाला, लय जागा हाय अजून."

"नगं," राजमती म्हणाली. "नेम माझा हाय. त्यानं कवा घेतला?" तिनं दिवा मंद केला आणि गोळी पुढं धरली. बेडकानं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि गपकन गोळीसकट चिमटाच धरला. राजमती किंचाळली, बनुबाई हसून हसून खाली बसली.

"लाडू, सावकाश रं! ठसका लागंल!" राजमतीच्या तोंडून निघून गेलं.

केरळहून परत आल्यावर दीपाली आधी पेटीपाशी धावली. लाडू ठणठणीत होता. संध्याकाळी दिवे लागले तशी ती भुकटी घेऊन खोलीत गेली आणि सवयीनं तिचा हात दाराकडं गेला.

"ऱ्हाऊ दे की उघडं," मागून राजमती म्हणाली. तिच्या हातात गार केलेल्या पाण्याची वाटी होती. "पाणी कोण देणार त्याला?"