सोरते सर वर, वर्ग खाली

प्रेमानंद सोरते राज्यशास्त्र शिकवायचे. नागपूरच्या त्या विद्यापीठात ऑनलाइन विभाग सुरू झाला तेव्हा त्याचा पसारा एका अडगळीच्या खोलीत मावत होता. मग प्रवेश असे काही वाढले, की नेहमीचे वर्ग बंद करून सगळे प्राध्यापक तिकडेच वळवावे लागले. सोरते सरांच्या वाट्याला वरच्या मजल्यावरची एक काचेची खोली आली. समोर कॅमेरा, डोक्यावर दिवा. मूळचे ते उमरेडच्या विणकर घरातले. मागाच्या खटखटीत बोलायची सवय लागलेली, त्यामुळे समोर माणूस नसला तरी त्यांचा आवाज खाली येत नसे.

एकदा संसदेबद्दल सांगताना त्यांनी एक विनोद केला आणि हशा पिकला. पण तो लॅपटॉपमधून आला नाही, फरशीखालून आला. लॅपटॉपमधला हशा त्याच्या मागाहून आला.

तास संपताच सर जिना उतरून गेले. खालच्या जुन्या वर्गात त्यांची सगळी मुलं ओळीने बाकांवर बसलेली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, पुढे रिकामा फळा. पहिल्याच बाकावर पारशिवनीच्या सिंधूताई होत्या. घरात सून आल्यावर त्यांनी बी.ए.ला नाव घातलं होतं.

"तुमी इथं काहून बसल्या, सिंधूताई?" सरांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं, की गावात रेंज धरायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि टाकीवर त्या दिसल्या की खालून माणसं नळाच्या तक्रारी सांगू लागतात. शेजारी बसलेल्या कामठीच्या धनश्रीच्या घरात पॉवरलूम, तिथे स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. विद्यापीठात मात्र वायफाय होतं, पंखा होता आणि बसायला बाक होते. एकीने दुसरीला सांगितलं, तिने तिसऱ्याला, आणि एसटीने, ऑटोने करत सगळा ऑनलाइन वर्ग इथे येऊन बसला.

सरांना भरून आलं. दुसऱ्या दिवशी खडू घेऊन ते खालीच शिकवायला उभे राहिले. तास अर्धा झाला नसेल तोच विभागप्रमुख मुग्धा मॅडमांचं बोलावणं आलं. मॅडम स्वभावाने गरीब. त्यांनी सरांना आधी चहा दिला.

"सर, आपली मान्यता ऑनलाइनची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि विद्यार्थी एका खोलीत सापडलात, तर तो प्रत्यक्ष वर्ग ठरेल. आणि प्रत्यक्ष वर्ग तर आपण बंद केलेत."

मग मुलांना घरी पाठवू का, असं सरांनी विचारलं. मॅडम घाबरल्याच. पाहणी समिती येणार होती आणि समितीला ऑनलाइन विद्यार्थी प्रत्यक्ष बघायचे होते.

समिती आली. खाली भरगच्च वर्ग, वर काचेत एकटे सर. अध्यक्ष अगदी गहिवरले. म्हणाले, इतर ठिकाणी ऑनलाइनची मुलं साधा कॅमेरा लावत नाहीत, इथे स्वतः हजर आहेत. त्यांच्या शिफारशीवरून ऑनलाइन शिक्षणासाठी वर्गात बसणं सक्तीचं झालं, आणि शिस्तीला शिपाई नत्थूजींची नेमणूक झाली. सरांनी तेवढं वरच थांबायचं.

कीर्ती पसरली तसे प्रवेश आणखी वाढले. इतक्या तुकड्यांना रोज शिकवणं एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून सरांची व्याख्यानं एकदाच रेकॉर्ड करून ठेवली गेली. आता सर वर नुसते बसून राहत. खालून स्वतःचाच आवाज येई. आपण उगाच राहिलोय, असं त्यांना वाटू लागलं, आणि एका दुपारी न राहवून ते खाली जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

तास राज्यसभेचा होता. सिंधूताई उठून मागे आल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, राज्यसभा कदीच बरखास्त होत नाही मनता, तं मंग जुने लोकं घरी कदी जातेत?"

प्रश्न चांगला होता. सर सांगू लागले, पण हळू बोलणं त्यांना कुठलं जमायला?

"मागच्या बाकावरचे," नत्थूजींनी टोकलं, "सर शिकवून राहिले, बोलू नका."

"नत्थूजी, मीच सर आहो."

नत्थूजींनी सिंधूताईंच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "ते मले दिसते. पण ते शिकवून राहिले आन् तुमी बोलून राहिले. बाहेर व्हा."

शाळेत असताना सरांना कधी कोणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं. व्हरांड्यात उभं राहिल्यावर त्यांना लाज वाटली, आणि मग, कोण जाणे का, फार हलकं वाटलं. मुग्धा मॅडमांनी या पेचावर तोडगा काढला. वर्गात बसायचंच असेल तर सरांनी रीतसर प्रवेश घ्यावा, मग कोणी हरकत घेणार नाही. सरांनी त्याच आठवड्यात प्रवेश घेतला. नत्थूजींनी ओळखपत्र पाहून त्यांना आदराने आत सोडलं.

परीक्षा झाली. राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासायला अर्थातच त्यांच्याकडेच आल्या. त्यात स्वतःचं अक्षर दिसलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून बराच विचार केला. उत्तर लांबलं होतं, मुद्दा शेवटी आला होता. त्यांनी गुण कापले. सिंधूताई पहिल्या आल्या, सर कसेबसे पास झाले.

निकाल लागला त्या दिवशी बाईंनी डब्यातली कोथिंबिरीची सांभारवडी त्यांच्यापुढे केली आणि त्यांची समजूत घातली.

"मन लावून आयकत जा ना, सर. ते चांगलं शिकवतेत."

सरांनी मान हलवली आणि वडी उचलली. पुढच्या तासाला ते पहिल्या बाकावर जाऊन बसले.