पोदियाचा ढोल आणि पाहुण्यांचा नाच

मित्रांनो, मला पाहून ज्यांचे पाय थिरकतात त्यांना आधीच सांगून ठेवतो: मी एक जुना ढोल आहे खरा, पण मरणाचा. बस्तरच्या जंगलात शिवणीच्या झाडाचं खोड पोखरून पोदियाच्या आजोबाने मला घडवलं. खोड एवढं जाड, की आत शिरलेली शेळी तीन दिवसांनी दोन करडं घेऊन बाहेर आली. हसू नका, मी स्वतः पाहिलंय.

माझं काम एकच. गावात कोणी मेलं की एक ठोका, जरा थांबून तीन. ते ऐकलं की पाच गावं तांदूळ घेऊन रडत येत. आमच्यात मरणाचा निरोप माणसाने न्यायचा नाही. नेणाऱ्याच्या पाठोपाठ मरण त्या घरात शिरतं. आणि मामाच्या कुळाने पहिली मूठ माती टाकल्याशिवाय मेलेला पितरांत बसत नाही. पोदियाने मला चाळीस वर्षं वाजवलं, एकाही मेलेल्याला ताटकळत ठेवलं नाही.

मग पर्यटनाचे साहेब आले. त्यांना गावाचा प्राचीन नाच हवा होता. लग्नातले नाच पाहून त्यांनी नाक मुरडलं, "हे सगळीकडेच असतं हो." तेव्हा सरपंचाच्या पोराने, लच्छूने, मला पुढे केलं. एक ठोका, मग तीन. साहेबांच्या अंगावर काटा आला. "यावरच पावलं बसवा!"

"साहेब, हे ऐकून लोक तांदूळ घेऊन येतात," पोदिया म्हणाला.

"वा! मग पाहुण्यांचं स्वागत तांदळानेच करू."

हजारो वर्षांची परंपरा आठ दिवसांत तयार झाली. पहिल्या तालमीला पाच गावं धावत आली. नदीपल्याडचा हुंगा, पोदियाचा मामेभाऊ, धापा टाकत पुढे.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही दादा, तालीम आहे," लच्छू म्हणाला.

"मग तू तरी मर! एवढे तांदूळ परत कोण नेणार?"

दुसऱ्या तालमीला एकच गाव आलं. तिसऱ्या तालमीला कुत्रंही फिरकलं नाही.

पोदियाची बायको, मासे तिचं नाव, चिडली. "कशाला वाजवतोस?"

"मी सोडला तर लच्छू वाजवेल. चार ठोक्यांत चौदा चुका करेल."

"आणि म्हाताऱ्या, तू मेलास तर कळायचं कोणाला?"

"तुला कळेल ना? पुष्कळ झालं."

दोन वर्षं दर रविवारी खेळ, आणि माझी चैन होती. अंगाला तेल, रंग, लाल गोंडे. पाहुणे मला थोपटून फोटो काढत.

एका मंगळवारी पोदिया पेज पिता पिता कलंडला. मासेने मला ओढत अंगणात आणलं आणि स्वतः वाजवलं. मित्रांनो, इतका मी जन्मात ओरडलो नव्हतो. नदी क्षणभर उलटी वाहिली. पल्याड हुंगाने ऐकलं आणि नांगर पुढे हाकला. पाहुण्यांची जादा गाडी आली असेल, असं त्याला वाटलं.

मासे दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत वाजवत राहिली. हातांची साल निघाली. पल्याडचं कोणी आलं नाही. गाडी मात्र आली. पाहुण्यांनी प्रेताभोवती गोल केला, एकीने तर त्याच्या स्थिर राहण्याचं कौतुक केलं. उन्हामुळे प्रेत आता ठेवता येत नव्हतं. खड्ड्याशी गावकरी मातीला हात न लावता मामाच्या कुळातल्या हुंगाची वाट पाहत उभे होते. तेवढ्यात एका हौशी पाहुण्याने लच्छूला विचारलं, "आम्हीही टाकू?" आणि उत्तराआधीच हसत मूठ टाकली. पहिली.

हुंगाला आठवडी बाजारात कळलं. तो तिथेच मिरच्यांच्या ढिगात बसला.

पुढच्या रविवारी खेळ झाला. लच्छूने मला वाजवलं. खरंच चौदा चुका केल्या. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

मित्रांनो, तेल लावणं म्हणजे जपणं नव्हे. जुनी वस्तू हाती आली, तर आधी विचारा, ही कोणाच्या कामाची आहे? मासे आता थकली आहे. परवा ती माझ्या कातड्याला गाल लावून म्हणाली, "माझ्या वेळी तू गप्प बस. एखादा रविवार तुझा आवाज आला नाही, तर विचारायला तरी येईल कोणी."

मला हात नाहीत, मित्रांनो. ती गेली, की मला कोणाला वाजवू देऊ नका.