टेंभेवाडीचा टॉवर

टेंभेवाडीचा रेडिओ पुन्हा बंद पडला होता.

रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. चाकणच्या पुढे डोंगराच्या कडेला एक लोखंडी टॉवर आहे, त्याच्या टोकाला बसवलेला पांढरा डबा म्हणजे हा रेडिओ. तो हवेतून इंटरनेट घेतो आणि खालच्या वाड्यांना देतो. तो मेला की सगळी वाडी अनुयाला फोन करते. रहाटणीतल्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत टॉवरची इंजिनिअर तीच होती.

पहिला फोन नेहमीप्रमाणे विजयश्रीचा. हिंजवडीतल्या कंपनीचं काम ती वाडीतल्या सासरच्या घरून करायची, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ घेऊन.

"अनुया, मीटिंगमध्ये मी पुन्हा मधेच गायब झाले. मॅनेजर म्हणतो, ऑफिसला या नाहीतर बघा."

"आज करते गं. नक्की."

"मागच्या वेळीही नक्कीच म्हणाली होतीस."

दिवाळीपासून अनुयाने त्या टॉवरची केबल बदलली, अडॅप्टर बदलला, विजेच्या झटक्यापासून वाचवणारी डबी बसवली. मीटरवरचा व्होल्टेज दरवेळी ठीक. नवा रेडिओ काही दिवस व्यवस्थित चालायचा आणि मग जळायचा.

"खंडू कनेक्टर ढिले ठेवतो," मालक गुरुदत्त फोनवर म्हणाला. "दुसरा माणूस बघू या आता."

टॉवरवर चढून डबे बसवायचं काम खंडूचं. अनुयालाही तसंच वाटायला लागलं होतं.

टॉवरखाली पोचल्यावर तिने खंडूला सांगितलं, "भाऊ, या वेळी कनेक्टर जरा नीट घट्ट करा. मला वरून फोटो पाठवा."

खंडू मूळचा लातूरकडचा, पन्नाशीला टेकलेला. कमरेचा पट्टा बांधता बांधता तो थांबला.

"मॅडम, दर वेळी फोटो मागताय. माझ्यावर भरवसा नसंल तर तुमीच चढा."

"तसं नाही हो…"

"तसंच हाय. हे शेवटचं. यापुढं मी ह्या टॉवरवर चढणार नाही."

तो चढला, नवा डबा बसवला, फोटो पाठवले. कनेक्टर घट्ट होते. वाडीत नेट आलं. तो दिवस गुरुवार, म्हणजे चाकणच्या पट्ट्यात लाइट नसण्याचा. टॉवर बॅटरीवर चालला होता. खाली उतरल्यावर खंडू गाडीत जाऊन बसला. निघावं, तर चाकणच्या चौकात ट्रक अडकून रांग पार मागपर्यंत आलेली. थांबण्याशिवाय इलाज नव्हता. वैतागून ती टॉवरच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली.

ऊन उतरता उतरता लाइट आली. खोलीतला बल्ब एकदम पांढराफटक पेटला, क्षणभर डोळे दिपले, मग नेहमीसारखा झाला. अनुयाने लॅपटॉपकडे पाहिलं. रेडिओ गेला होता.

"खंडूभाऊ!" ती ओरडली. "इकडे या! माझ्यासमोर मेला!"

लाइट येताना झटका येत होता, हे तर उघड झालं. पण मग ती डबी काय करत होती? झटका जमिनीत उतरवायचं काम तिचं. अनुया खोलीमागे गेली. डबीतून निघालेली अर्थिंगची हिरवी वायर भिंतीवरून उतरून मातीत शिरलेली होती. दरवेळी इथवर बघून ती परत फिरायची. आज तिने वायर धरून ओढली.

वायर सरळ हातात आली. तोंड तुटलेलं, पुढे काहीच नाही.

खंडू बाजूला येऊन उभा राहिला. दोघांनीही मागे पाहिलं. दिवाळीच्या आसपास प्लॉटिंगवाल्यांनी तिथून कच्चा रस्ता काढला होता. जेसीबीने अर्थिंगचा खड्डाच उचलून नेला होता आणि वर माती लोटली होती.

अनुयाला रडू की हसू कळेना. इतके रेडिओ, इतक्या फेऱ्या, आणि शेजारी उभ्या माणसावर घेतलेला संशय!

"भाऊ, माझं चुकलं," ती म्हणाली.

"चुकलंच," खंडू म्हणाला. त्याने गाडीतून पहार काढली. "खड्डा कुठं घ्यायचा ते सांगा."

मुरूम कडक होता. दोन दिवस खपून त्यांनी खोलीच्या दुसऱ्या अंगाला खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं, तांब्याची पट्टी पुरली, पाणी सोडलं, वायर जोडली. मग खंडूनेच वर चढून नवा रेडिओ बसवला. गुरुदत्तचा फोन आला तेव्हा अनुयाने एवढंच सांगितलं, "दुसरा माणूस बघायचा नाही. आणि खंडूभाऊंना तुम्ही स्वतः फोन करा."

पुढच्या गुरुवारी लाइट गेली, आली. रेडिओ चालू राहिला. अनुयाने विजयश्रीला फोन लावला. मागे हॉर्नचा कल्लोळ होता.

"हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आहे," विजयश्री म्हणाली. "सोमवारपासून ऑफिसला जाते. पिंपरीत रूम घेतली. बाळ वाडीला, सासूबाईंकडे."

"नेट नीट झालं गं. आता नाही जाणार."

"माहितीये. काल व्हिडिओ कॉल लावला होता, एकदाही अडकला नाही. बाळाचे दातसुद्धा दिसले." मग ती हळूच म्हणाली, "मला तिथे असायचं होतं, अनुया."

सिग्नल सुटला असावा. मागचे हॉर्न वाढले आणि विजयश्रीने फोन ठेवला.