पेटीतला वायू

धाकटीला एका ग्रहाच्या हवेत मिथेन, म्हणजे सजीवांची खूण असू शकणारा वायू, सापडला, आणि ऑफिसात असा कल्ला झाला की त्या ग्रहावरही कुणी दचकून उठलं असेल.

सापडला म्हणजे कसा, तर ग्रहाभोवती फिरणारं यान ग्रहाआड मावळणाऱ्या सूर्याकडे बघतं. उजेड वरच्या हवेतून गाळून येतो, आणि त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमधून प्रत्येक वायू आपला घास काढून घेतो. आलेखात तिथे खळगा पडतो. खळग्यावरून चोर ओळखायचा.

पण धाकटीनं आलेख पुन्हा एकेक करून तपासले. सूर्य खाली जाईल तशी हवा दाट होते, खळगा खोल व्हायला हवा. हा मात्र वर, खाली, अगदी हवा संपते तिथेही तेवढाच! म्हणजे चोर ग्रहावर नव्हताच. यानातल्या यंत्राच्या पेटीत मांडी ठोकून बसला होता.

आणि त्या पेटीतल्या काचा चिकटवल्या होत्या तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं, खालच्याच मजल्यावर.

धाकटी जिना उतरली. "ताई, पेटी भट्टीत किती दिवस होती?"

"चार ठेवतात." थोरलीनं काचेवरून नजर काढली नाही. "तीन ठेवली."

हवा काढलेल्या भट्टीत गोंद पुरता तापला नाही, तर त्याची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. हे दोघींनाही पाठ होतं.

"असं का गं केलंस?"

"तुला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. पेटी पोचवायची मुदत दुसऱ्या दिवशीची, आणि तेव्हा मी तुझ्यापाशी असणार. तेव्हाच काढली, पोचवली आणि दवाखान्यात पळाले."

धाकटी स्टुलावर बसली. "मी अहवालात लिहिते, खळग्याचं कारण कळलं नाही म्हणून."

"वा गं शहाणे! कोट्यवधी मैलांवरचा वायू ओळखतेस आणि खालच्या मजल्यावरचा गोंद ओळखत नाहीस? शेंबडं पोरही हसेल."

"ताई, तुझं काम जाईल."

त्या पेटीला वापरलेल्याच डब्यातला गोंद काचेवर टाकून थोरलीनंच पुढे केला. "घे, तपास."

धाकटीनं गोंदाच्या वाफेचा आलेख काढला, तर मिथेनच्याच जागी खळग्यावर खळगा बसला, तंतोतंत.

दोघींना टेबलापाशी बसवून साहेबांनी दोन्ही आलेख एकमेकांवर धरून खिडकीपाशी बराच वेळ बघितले. "गोंद वजा केला तर काय उरतं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली.

"तसंच लिहा. मिथेन आढळला नाही." ते थोरलीकडे वळले. "आणि एक दिवस कमी का?"

"घाई झाली माझी."

"मग पुढच्या पेटीला तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

धाकटी बोलायला गेली, तर टेबलाखाली थोरलीनं तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.